चारांत एक

अमेरिकेतल्या लोकांची विज्ञान-साक्षरता मोजण्यासाठी तिथलं नॅशनल सायन्स फाउंडेशन बरीच वर्षं एक प्रश्नावली वापरत आलं आहे. इलेक्ट्रॉन अणूपेक्षा लहान असतो का? अँटिबायोटिकने विषाणू मरतात का? मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून आलेल्या जनुकावर ठरतं का? त्याच यादीत एक प्रश्न जोडप्याचा आहे. डॉक्टर त्या दोघांना सांगतात की तुमच्या मुलाला एक आनुवंशिक आजार होण्याची शक्यता चारांत एक आहे. मग पहिल्या मुलाला आजार निघाला, तर पुढची तिघं सुटली असं समजायचं का? की प्रत्येक मुलाला धोका तेवढाच?

तिकडे हे जोडपं कागदावरचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात ते कुणाच्या तरी घरातलं असतं. त्याला गाव असतं, कूळ असतं, अंगणात खेळणारं एक मूल असतं आणि आजाराला सिकलसेल हे नाव असतं. त्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी महाविद्यालयात गेलेलं असेल, तर दवाखान्यातून मिळालेला कागद त्याच्याच हातात येतो. वाच बाबा, काय लिहिलंय. एटापल्लीतल्या विद्यार्थ्याची विज्ञान-साक्षरता कुठली संस्था मोजत नाही. ती या क्षणी मोजली जाते, आणि मोजणारी त्याची आई असते.

आलापल्ली सोडून एटापल्लीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो. त्याच रस्त्याने सुरजागडच्या टेकडीवरचं लोहखनिज भरलेले ट्रक येतात आणि कडेच्या पानांवर लाल धूळ बसते. तालुक्याचं गाव म्हणजे तहसील, ग्रामीण रुग्णालय, महाविद्यालय, वसतिगृहं, झेरॉक्सची दुकानं आणि त्या दुकानांत टांगलेली पोलीस भरती, वनरक्षक भरतीची पुस्तकं. गट्टा, जारावंडी, कसनसूर, हालेवारा अशा आतल्या भागातून मुलंमुली इथे शिकायला येतात. बहुतेकांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात. आश्रमशाळेत त्यांना मराठी भेटली आणि विज्ञान शाखेला गेलं तर इंग्रजी भेटते. भरतीच्या पुस्तकात सामान्य विज्ञानाची चार-पाचशे वाक्यं असतात आणि ती तोंडपाठ होतात. सिकलसेल हा रक्तातील कोणत्या घटकाशी संबंधित आजार आहे? हिमोग्लोबिन. गुण मिळाला. घरी मात्र आई वेगळं विचारते. मोठ्याला झालं, आता धाकट्याला होणार नाही ना?

मी शाळेत मेंडेलच्या वाटाण्याचा तक्ता काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. उंच, उंच, उंच, बुटका. तो तक्ता म्हणजे एका झाडाची चार रोपं आहेत, असंच मी कितीतरी वर्षं मनात धरलं होतं. ती चार रोपं नव्हेत, प्रत्येक रोपाच्या वेळी पुन्हा नव्याने होणारी निवड आहे, हे मला पदवीनंतर उमगलं. पोरांना हे येत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांमध्ये मला बसता येत नाही, ते त्यामुळे. आपल्या शिक्षणात हा तक्ता उत्तर म्हणून येतो. घटना म्हणून तो येत नाही.

घटना म्हणून तो असा आहे. हिमोग्लोबिनचा बीटा भाग बनवण्याची सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडची आणि एक बापाकडची. सिकलच्या प्रतीत एकाच जागी चूक आहे. प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. एकच प्रत अशी असली तर माणूस वाहक, एरवी धडधाकट. दोन्ही प्रती अशा असल्या तर ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनच्या काड्या जुळतात, लवचीक गोल पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग सांधे, छाती, पाठ यांच्या त्या कळा येतात. थंडीत भिजलं, पाणी कमी प्यायलं, अंगाबाहेर कष्ट झाले की त्या उठतात. जंगलात आणि शेतात राबणाऱ्या माणसाने यातलं काय टाळायचं?

वाहक आई आणि वाहक बाप दोन चिंचोके घेतात असं समजा. फोडलेला चिंचोका, एक बाजू काळी, एक पांढरी. प्रत्येक मुलाच्या वेळी दोघांनीही आपापला चिंचोका टाकायचा. दोन्ही पांढरे पडले तर मूल आजारी. एक काळा, एक पांढरा तर मूल आईबापांसारखंच वाहक. दोन्ही काळे तर मोकळं. दुसऱ्या मुलाच्या वेळी चिंचोक्यांना आठवत नाही की मागच्या खेपेला काय पडलं होतं. अख्खं आनुवंशिकीशास्त्र बाजूला ठेवलं तरी चालेल, पण चिंचोक्याला आठवण नसते हे वाक्य आईच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. हिशेबही मांडता येतो. अशा जोडप्याला चार मुलं झाली, तर एकालाही आजार नसण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के. चारांत एक म्हणजे चारांपैकी एक ठरलेला, असं अजिबात नाही. एखाद्या घरी चारही निरोगी निघतील, शेजारी पहिली दोन्ही आजारी निघतील आणि दोन्ही घरांत नियम तोच असेल. (खरा चिंचोका एका बाजूने फुगीर असतो, त्यामुळे तो अगदी निम्मा-निम्मा पडायचा नाही. किती पडतो ते वसतिगृहातल्या मुलांनी शंभरदा टाकून मोजावं. तो या विषयातला उत्तम प्रयोग होईल.)

माझं म्हणणं या दोन घरांपाशी आहे. एका घरी दोन मुलं दुखण्याने तळमळतात आणि शेजारचं घर सुखी आहे. का? आमच्याच वाट्याला का? शरीरात काय बिघडलं, याचं उत्तर विज्ञान देतं. आमच्याच घरात का, यावर त्याच्याकडे एकच शब्द आहे, यदृच्छा. चिंचोका तसा पडला. हा शब्द पचवणं फार अवघड आहे. ज्याला तो पचत नाही, त्याला कुणीतरी केलं असावं असं वाटू लागतं. मग ते कुणीतरी शोधलं जातं.

२०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारण्यात आलं. गावातलं एक लहान मूल दगावलं होतं आणि त्याचा ठपका या दोघांवर ठेवला गेला, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. पंधरा गावकऱ्यांना अटक झाली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि या प्रकरणातही कायद्याचं काम कायदा करील. पण बारसेवाड्यासारख्या गावांतून दर वर्षी मुलंमुली तालुक्याला शिकायला येतात, सुट्टीत घरी जातात, त्या अंगणात बसतात. गावात मूल दगावलं आणि कुजबुज सुरू झाली, तर त्या मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडून काय निघेल? अंधश्रद्धा वाईट, हे शाळेतलं वाक्य तिथे उपयोगाचं नाही. हा ताप कशाने येतो आणि तो कुणाला गाठेल हे कुणाच्या हातात का नसतं, हे ज्याला सांगता येईल त्याचाच थोडाफार उपयोग.

एव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर १९३७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात धान्याच्या कोठाराची गोष्ट आहे. उन्हात दमलेले लोक कोठाराच्या सावलीत बसतात. कोठार कोसळतं, माणसं दबतात. खांब वाळवीने खाल्ला होता हे अझांद्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यात ते अडाणी नसतात. त्यांचा प्रश्न पुढचा असतो. नेमकी हीच माणसं बसलेली असताना ते का पडलं? चेटूक हे त्या प्रश्नाचं उत्तर. माडिया माणसालाही झाडाची, पावसाची, पायाखालच्या मातीची कारणं शहरातल्या पदवीधरापेक्षा जास्त कळतात. त्याला कार्यकारणभाव शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. अडचण कारण नसलेल्या जागेची आहे आणि त्या जागेत शहरातली माणसंही तितकीच घाबरतात. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणारी घरं पुण्यामुंबईत पदवीधरांची आहेत. बापाकडून एक्स आलं की वाय, हाही चिंचोकाच. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आयुष्यभर करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला तो पुण्यात, भर शहरात, सकाळी फिरायला गेले असताना.

२० ऑगस्ट ही तारीख एटापल्लीसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. १८९७ साली याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी डासाच्या आत त्या परजीवीचा प्रवास कसा होतो ते दाखवलं आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते सिकंदराबाद आपल्या सिरोंच्यापलीकडच्या तेलंगणात. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा आजही गडचिरोलीचा असतो, त्यातही फाल्सिपॅरमचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या प्रकाराचा. एटापल्ली आणि भामरागडच्या मुलांनी लहानपणापासून किती वेळा बोट टोचून घेतलं असेल, याची मोजदाद नाही. ताप आला की आशाताई येते, रक्ताचा थेंब घेते, किटवर रेघ बघते.

या दोन आजारांचं नातं मी जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा मला स्वतःलाच त्याचं नव्याने अप्रूप वाटतं. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की सिकलची एकच प्रत असलेल्या माणसाला फाल्सिपॅरमच्या जीवघेण्या रूपापासून संरक्षण मिळतं. जिथे हजारो वर्षं हिवताप, तिथे ही प्रत टिकून राहिली, कारण ती असलेली मुलं वाचली आणि मोठी झाली. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, नीलगिरीच्या आदिवासींमध्ये. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्यांनी आदिवासी भागात त्याच्यावर आयुष्य वेचलं. आणि २०२३ च्या १ जुलैला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर हातात कार्ड येतं. ते कार्ड ज्याच्या हाती पडतं, त्याला रक्तात दोष आहे एवढंच ऐकू येतं. मुलगी असेल तर ते कार्ड पेटीच्या तळाशी जातं, कारण सोयरिकीचा प्रश्न असतो. तुझ्या रक्तात जे आहे त्यामुळे तुझे पणजोबा या जंगलात तापातून वाचले असतील, हे तिला त्याच वेळी कुणी सांगितलं तर? वाहकालाही हिवताप होतो, मच्छरदाणी त्यालाही लागतेच, आणि ज्याच्या दोन्ही प्रती सिकलच्या, त्याला तर हिवताप अधिकच घातक. हेही त्याच दमात सांगायला हवं. अर्धं सांगितलेलं विज्ञान इथे जीवावर बेतू शकतं.

सोयरिकीबद्दल थोडं बोललं पाहिजे. गोंड समाजात कुळांची आणि देवांची व्यवस्था आहे. चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात. तेवढ्याच देवांच्या कुळांत लग्न होत नाही. विशीतला माडिया मुलगा कोण कुणाचा सगा, कुणाच्या घरी मुलगी देता येते आणि कुणाच्या नाही, हे पाच-पन्नास गावांपर्यंत धडाधड सांगतो. वंशावळीचं हे ज्ञान जनुकशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने हेवा करावा असं आहे. पण या नियमात मामेबहीण-आतेभाऊ हे लग्न बसतं, पुष्कळदा ते पसंतीचंही असतं. आणि मामा वाहक असला, आत्या वाहक असली, की त्या दोन घरांत एकच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. कुळाचा नियम हिमोग्लोबिनसाठी बनवलेला नव्हता. तो मोडा, असं बाहेरच्या कुणी सांगायचं कारण नाही. मात्र लग्नाआधी दोघांची कार्डं बघावीत, हा विचार कुळाची भाषा बोलणाऱ्या तिथल्याच पदवीधराने मांडला, तर तो ऐकला जाईल. डॉक्टरांनी मांडला तर मान डोलावली जाईल.

आणि तो मांडायचा कुठल्या शब्दांत? वाहक हा शब्द मराठीतही एसटीतल्या कंडक्टरचा आहे. माडियात आनुवंशिकता कशी म्हणायची, शक्यता कशी म्हणायची, हे वर्गात कुणी विचारत नाही, कारण वर्गात माडिया बोललीच जात नाही. प्राध्यापक बाहेरून आलेले असतात आणि त्यांना ती येत नाही, यात त्यांचाही दोष नाही. मग विद्यार्थी विज्ञान मराठी-इंग्रजीच्या एका कप्प्यात ठेवतो, घर दुसऱ्या कप्प्यात, आणि मधलं दार बंद. मला वाटतं, एखाद्या संकल्पनेचा माडियात नीट अर्थ सांगता येणं ही या भागातल्या विज्ञानाच्या पदवीची एक परीक्षा असायला हवी. लेखी शंभर गुणांची नको, तोंडी, आणि गावातल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना औषध देण्याआधी भाषा शिकावी लागली. इकडे शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने एक साधं उपकरण बनवलं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं, आणि गावच्या दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ठरलेले मणी संपले आणि वाळू अजून पडतेच आहे, तर बाळाला न्यूमोनिया. पुढे नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीचा गडचिरोलीतला प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ३९ गावांत, जेमतेम शिकलेल्या बायकांनी केलेल्या कामाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. तुलनेची गावं का ठेवली होती, त्यांच्याशिवाय हा आकडा का निरर्थक ठरला असता, हे गडचिरोलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलं पाहिजे. जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत गेलेला हा प्रयोग त्याच्या जिल्ह्यातला. ज्या बाईला जेमतेम अक्षर येत होतं, तिने मोजलं, नोंदवलं, निर्णय घेतला. तिची विज्ञान-साक्षरता त्या अमेरिकन प्रश्नावलीत कदाचित शून्य भरेल.

जिल्ह्यातलं विज्ञान आजारांपुरतंच नाही. विद्यापीठाचं नावच घ्या. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ. एटापल्लीच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर हे नाव छापलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातल्या खडकांच्या एका मालिकेला भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवाना म्हटलं. पुढे एडुअर्ड स्यूस यांनी ते नाव दक्षिणेकडच्या प्राचीन भूखंडाला दिलं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकत्र असलेल्या त्या भूमीला आज जगातला प्रत्येक भूशास्त्रज्ञ गोंडांच्या नावाने ओळखतो. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनोसॉरच्या काळातले जीवाश्म सापडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात प्राणहितेकाठच्या कोटा गावचे जीवाश्म मासे अभ्यासत होते. आणि सुरजागडचा लाल दगड? असे पट्ट्यापट्ट्यांचे लोहखडक जगभर बहुतेक सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे आणि त्याहूनही जुने. समुद्रात विरघळलेलं लोखंड होतं, सूक्ष्म जिवांनी पहिल्यांदा ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि लोखंड गंजून तळाशी बसलं. त्याच टेकडीवर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि तिथूनच ट्रक भरून निघतात. खाणीत नोकरी लागेल का, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे, पोटाचा आहे. पण ऑक्सिजनच्या जन्माची नोंद असलेला डोंगर आपल्या तालुक्यात उभा आहे आणि तो उतरवला जातो आहे, हे कळल्यावर त्या डोंगराबद्दल बोलण्याचा त्यांचा अधिकार वाढेल असं मला वाटतं. ग्रामसभेत पर्यावरणाच्या अहवालाचा जाडजूड गठ्ठा येतो, तेव्हा पाण्याच्या नमुन्याचे आकडे वाचणारं कुणी आपल्यातलं असावं लागतं.

पुन्हा सिकलसेलकडे येऊ. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं, त्यातला रोगी कोण होता? ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी. घरापासून लांब राहणारा, थंडीत आजारी पडणारा. त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि वैद्यकाला एक नवा आजार कळला.

एटापल्लीच्या मुलांनी आजवर दिलेले थेंब काचपट्टीवर पसरून कुठे कुठे गेले. अहवाल परत आला, काचपट्टी परत आली नाही. हिवतापाच्या काचपट्टीला रंगवायला आपल्याकडे जेएसबी नावाचा रंग वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तो १९४४ मध्ये तयार केला, स्वस्तात आणि झटपट होईल असा. ज्याची लागण झाली आहे त्याच्या रंगवलेल्या थेंबात, तेलाच्या भिंगाखाली, तांबड्या पेशीच्या आत एक बारीक अंगठी दिसते. खड्याची अंगठी असते तशी, एक ठिपका आणि कडं. सिकलसाठी तर रंगही लागत नाही. थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचं, वरची काच कडेने बंद करायची आणि थांबायचं. थोड्या वेळात, वाहकाच्या रक्तातसुद्धा, गोल पेशी पाहता पाहता टोकदार होऊ लागतात, कापणीच्या विळ्यासारख्या. जिच्या बोटातून तो थेंब आला तिने डोळा लावायचा, मग मैत्रिणीने, आणि सुट्टीत गावाहून आली असेल तर आईनेही.